ओझर्डे धबधब्याचे पाणी



गेल्या श्रावणात आम्ही काही सांगलीकर पाटण तालुक्यातील नवजा गावी ओझर्डे धबधबा पाहण्यास गेलो होतो. कोयनानगर मागे पडले आणि धुके वाटेवर उतरले. दाट रानात पाण्याचा घोष आधी ऐकू आला, धबधबा मागाहून दिसला. तुषारांनी सारे भिजलो. बराच वेळ कोणी बोलेना.

परतताना एकाने सोबतच्या गावकऱ्याला विचारले, "हे पाणी जातं कुठं?"

"धरणात. तिथनं तुमच्या सांगलीला."

उत्तर अगदी खरे. हा ओढा शिवसागर जलाशयास मिळतो. तेथील बरेचसे पाणी वीज देऊन सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते. उरलेले कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येऊन आपल्या आयर्विन पुलाखालून वाहते. आपण गेलो पाहुणे म्हणून. पाणी निघाले घरचेच!

ते रान पावसाचा मारा अंगावर झेलते, पाणी मुरवते, माती धरून ठेवते. १९८५ मध्ये तेथे अभयारण्य झाले. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात आहे. पण नुसत्या फलकाने रान राखले जात नाही. आमच्यातल्याच एकाने टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी त्या गावकऱ्याने मुकाट्याने उचलली. आम्ही खजील झालो.

"तुमचं घर इथंच का?" आम्ही विचारले.

त्याने जलाशयाकडे बोट दाखविले. "जुनं घर त्या पाण्याखाली."

मंडळी, नळ सोडताना एवढे एक वाक्य आपण आठवू या.