वास्तू कुणाची? तीन प्रश्न विचारून पाहू



मित्रमैत्रिणींनो, मला विषय दिलाय ‘कला, वास्तू आणि सत्ता’. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तरी हो म्हणालो, त्याला एक कारण घडलं. मार्च २०२५मध्ये औरंगजेबाची कबर हटवा, अशी मागणी जोरात होती. नागपुरात हिंसाचारही झाला. त्या आठवड्यात कँटीनमध्ये एका मित्रानं सहज विचारलं, “काय रे, तुमच्या कबरीचं काय होणार?” मी हसलो आणि विषय बदलला. घरी आल्यावर ‘तुमच्या’ हा शब्द टोचत राहिला. ती कबर माझी कधी झाली? आणि नसेल झाली, तर तसं सांगताना माझी जीभ का अडली?

मग वाचायला लागलो, जाऊन बघायला लागलो. त्यातून हाताशी आलेले तीन प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो. ही वास्तू कुणी आणि कशासाठी बांधून घेतली? कुणाच्या हातांनी बांधली? आणि नंतर आलेल्या माणसांनी तिचं काय केलं?

खुलताबादपासूनच सुरुवात करू. औरंगजेब १७०७ साली नगरजवळ भिंगारला वारला. त्याला खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. कबर उघडी आहे, वर घुमट नाही, मातीच आहे. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे निजामाच्या काळात बसली. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर त्याच्याच बेगमेचा, दिलरस बानूचा मकबरा आहे, आपला बीबी का मकबरा. घुमट, मिनार, बाग, कारंजी, सगळं आहे.

एकच घराणं, एकच धर्म, पण एक कबर मातीची आणि दुसरीवर एवढा डोलारा. इमारत फक्त धर्मातून उभी राहत असती, तर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या. कबरीवर बांधकाम करू नये, असं सांगणारी मोठी परंपरा इस्लाममध्ये आहे. तरी मकबरे झाले, कारण ते घराण्याचा रुबाब दाखवण्यासाठी होते. आणि मकबऱ्याच्या दरवाज्यावर दोन नावं कोरलेली आहेत : वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. ‘मुसलमानी इमारत’ असा शिक्का मारला, की हा हंसपतराय कुठे बसवायचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कबर साधी आहे म्हणून राज्य साधं होतं, असं होत नाही. याच बादशहाच्या हुकमानं १६६९ साली काशीचं विश्वनाथ मंदिर पाडलं गेलं. १६८९ला छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. देऊळ पाडणं हीसुद्धा सत्तेची भाषा आहे. ते आपण मान्य केलं म्हणून आपलं ईमान कमी होत नाही. तो बादशहा होता, माझा आजोबा नव्हता.

आता थोडं लांब, स्पेनमध्ये जाऊ. तिथे एकाच इमारतीत या सगळ्या गोष्टी दिसतात. सीरियातून जीव वाचवून पळालेला अब्दुर्रहमान स्पेनमध्ये राज्य स्थापतो आणि ७८५च्या सुमारास कॉर्दोबाची जामा मशीद बांधायला घेतो. खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे वापरले. ते उंचीला कमी पडले, म्हणून कमानीवर कमान चढवली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या दुमजली कमानी आज जगभर ओळखल्या जातात. पुढे दहाव्या शतकात मिहराब सजवला, तेव्हा नक्षीचे काचेचे तुकडे आणि कारागीर बायझंटाइनच्या ख्रिस्ती सम्राटाकडून मागवले.

१२३६ला ख्रिस्ती राजानं शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. जवळपास तीनशे वर्षं बरीचशी इमारत तशीच राहिली. मग १५२३ला बिशपनं ठरवलं, मधला भाग पाडून मोठं कॅथेड्रल उभारायचं. त्याला विरोध केला तो कॉर्दोबाच्या नगर परिषदेनं. परिषद ख्रिस्ती माणसांची होती. पाडकामाला हात लावणाऱ्या कामगाराला देहदंड, अशी दवंडीच तिनं पिटवली. असं काम पुन्हा होणे नाही, हे त्यांना कळत होतं. शेवटी वाद सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला आणि त्यानं चर्चच्या बाजूनं कौल दिला. आज त्या कमानींच्या रानात मधोमध कॅथेड्रल उभं आहे.

या गोष्टीत आपल्यासाठी एक परीक्षा आहे. कॉर्दोबा ऐकून आपला गळा दाटतो. ६ डिसेंबर १९९२ आठवला की आजही पोटात कालवतं. पण इस्तंबूलचं आया सोफिया सम्राट जस्टिनियननं ५३७ साली चर्च म्हणून पूर्ण केलं. १४५३ला ती मशीद झाली, गेल्या शतकात संग्रहालय झालं आणि २०२०ला पुन्हा मशीद झाली. तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मिठाईचे फोटो फिरत होते. कॉर्दोबासाठी रडायचं आणि आया सोफियासाठी नाचायचं, हे दोन्ही एकदम करता येणार नाही. न्याय मागायचा तर माप एकच लागतं. कॉर्दोबाच्या त्या ख्रिस्ती नगरसेवकांनी हे पाचशे वर्षांपूर्वी करून दाखवलं.

आता तिसरा प्रश्न : नंतरच्या माणसांनी काय केलं? आपल्याकडचं भीमा कोरेगाव घ्या. तो स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीनं १८१८च्या लढाईचं स्मारक म्हणून उभारला, म्हणजे सत्तेचाच दगड. पण त्यावर पडलेल्या महार सैनिकांची नावं होती. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे गेले. दगड तोच राहिला, अर्थ बदलला. कंपनीच्या विजयस्तंभासमोर आज लाखो माणसं स्वाभिमानासाठी उभी राहतात.

आणि दगड नसला तरी चालतं, हे आपल्या आयाबहिणींनी शाहीनबागेत दाखवलं. रस्त्यावर इंडिया गेटची प्रतिकृती होती, तिच्यावर आंदोलनात मेलेल्यांची नावं होती. भारताचा भलामोठा लोखंडी नकाशा होता. बसथांब्यावर वाचनालय होतं, त्याला नावं दिली होती फातिमा शेख आणि सावित्रीबाई फुले यांची. कुठल्या सुलतानाचं चित्र त्यांना लागलं नाही. २४ मार्च २०२०ला, कोरोनाच्या दिवसांत, ते सगळं हटवलं आणि भिंती रंगवून टाकल्या. भिंत पुसावी लागते, याचा अर्थ ती काहीतरी बोलत होती.

म्हणून माझी विनंती एवढीच. राजांच्या इमारतींवरून आपली छाती फुगवू नका आणि त्यांच्यासाठी मानही खाली घालू नका. आपल्या गावातली एक जुनी वास्तू निवडा. मशीद, देऊळ, दर्गा, गढी, काहीही. तीन प्रश्न घेऊन तिथे जा, आणि एकटे जाऊ नका. दुसऱ्या धर्माचा मित्र, मैत्रीण बरोबर न्या. नगरला असाल तर दमडी मशिदीपासून सुरुवात करा. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढून ती उभी केली, असं तिथे सांगतात. सुंदर दगडी कोरीवकाम आहे. आपला वारसा शोधायचाच असेल, तर मला तख्तापेक्षा ती दमडी जवळची वाटते.

त्या कँटीनमधल्या मित्राला मी पुढे महिन्याभरानं उत्तर दिलं. म्हटलं, “कबर माझी नाही रे, पण इतिहास आपल्या दोघांचा आहे. एकदा बघायला जाऊ.” तो म्हणाला, “रविवारी?” आम्ही गेलो. येताना गाडीत भांडलोसुद्धा, पण ‘तुमचं’ हा शब्द पुन्हा आला नाही.

आता तुम्ही बोला, मी ऐकतो.