किल्ली बरोबर, नाव चुकीचं

मोबाइलवर टर्मक्स उघडलंत, एसएसएच लिहून सर्व्हरचा पत्ता दिलात आणि उत्तर आलं: ‘परमिशन डिनाइड’. लगेच नवी किल्ली बनवायला घेऊ नका. आधी नाव बघा.

युजरनेम दिलं नाहीत, तर एसएसएच तुमच्याच मशीनवरचं नाव पुढे पाठवतं. टर्मक्समध्ये ‘हू-अ‍ॅम-आय’ टाइप करा. ‘यू-झीरो’ने सुरू होणारं, अँड्रॉइडनं दिलेलं नाव दिसेल. त्या नावाचं खातं सर्व्हरवर कुठून असणार? पण ‘असं कोणी इथे नाही’ हे सर्व्हर मुद्दामच सांगत नाही. नाहीतर चोराला एकेक नाव तपासता आलं असतं ना!

म्हणून पत्त्याआधी नाव आणि ‘अ‍ॅट’चं चिन्ह लावा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर उबुंटू घेतलं असेल तर नाव सहसा ‘उबुंटू’, अ‍ॅमेझॉन लिनक्स असेल तर ‘ईसी-टू-युजर’. गिटहबवर मात्र सगळ्यांचं एकच, ‘गिट’. तुम्ही कोण, हे तिथे किल्लीवरून कळतं.

रोज टाइप करायचा कंटाळा येतो? डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन ओळी लिहा: ‘होस्ट’पुढे टोपणनाव, ‘होस्टनेम’पुढे पत्ता, ‘युजर’पुढे नाव. मग एसएसएच आणि टोपणनाव, एवढंच पुरे.

आणि हो, अंदाजानं नावं टाकत बसू नका. काही सर्व्हर अशा वेळी तुमचा आयपीच अडवतात. भेटू पुढच्या भागात!