भिंतीवरची खूण
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी २०१३ च्या दहावीच्या तुकडीची. बाजारपेठेतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराची मुलगी म्हणून तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. सध्या मी जर्मनीत मानहाइम येथे पीएच.डी. करते. हवामानबदलामुळे येणाऱ्या धोक्यांना उद्योगधंदे कसे तोंड देतात, हा माझा विषय. “एवढ्या लांब जाऊन काय शिकतेस, ते मुलांना कळेल असं सांग,” अशी बाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे.

सुरुवात आपल्या चिपळूणपासूनच करते. २६ जुलै २००५ चा पूर आला तेव्हा मी तिसरीत होते. पाणी ओसरल्यावर दुकानाच्या भिंतीवर चिखलाची रेघ उरली होती. बाबांनी तिच्यावर लाल रंगाने खूण केली आणि त्या खुणेच्या हातभर वर लाकडी माळा बांधून घेतला. पावसाळा लागला की जास्तीचा माल माळ्यावर जायचा. त्या माळ्याचा आम्हा सगळ्यांना मोठा धीर वाटायचा.

२०१९ साली मी पुण्यात एम.कॉम. करत होते. दुकानातल्या मालाच्या विम्याची मुदत संपत आली होती. बाबांनी फोनवर विचारलं, “बाय, हप्ता भरू का?” मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “बाबा, असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. आणि माळा आहे की आपला.” बाबांनी शिकलेल्या मुलीचं ऐकलं. हप्ता वाचला.

२२ जुलै २०२१. पहाटे वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारात शिरलं. करोनामुळे शाळा बंद, त्यामुळे जूनसाठी भरलेल्या वह्या विकल्याच गेल्या नव्हत्या. सगळ्या माळ्यावर रचलेल्या. पाणी खुणेपाशी थांबलं नाही, माळ्यावर चढलं. भिजलेली वही फुगते हे मला ठाऊक होतं. गठ्ठे फुगले की माळ्याच्या फळ्या निखळतात, हे तेव्हा पाहिलं. मी पोचले तेव्हा बाबा फावड्याने वह्यांचा लगदा ओढत होते. विम्याचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, आजपर्यंतही काढलेला नाही. मी मात्र तेव्हापासून दुसरं काही शिकू शकले नाही.

मुलांनो, माझी चूक काय झाली ते नीट ऐका, कारण मोठमोठ्या कंपन्यांतही ती होते. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षं निर्धास्त, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच अर्थ. तीस वर्षं दुकान चालवलं तर त्या काळात तो एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळजवळ शंभरात सव्वीस होते. शिवाय हे गणित मागच्या नोंदींवर बसवलेलं असतं. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे गणितच बदलतंय आणि आपण खूण जुनीच धरून बसलोय.

आता मी राहते तिथलं सांगते. मानहाइमच्या समोर, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा प्रचंड कारखाना आहे. त्याचा बराच कच्चा माल नदीतून जहाजांनी येतो. आपल्याकडे पाणी जास्त झालं, तिथे २०१८ मध्ये कमी पडलं. काउब या गावापाशी पातळीची मापपट्टी आहे. ऑक्टोबरात तिच्यावरचा आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत उतरला. जहाजं पूर्ण भरून येईनात, उत्पादन घटवावं लागलं, सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. मग कंपनीने सहा आठवडे आधी अंदाज देणारी यंत्रणा उभारली, उथळ पाण्यात चालणारी जहाजं भाड्याने ठरवून ठेवली, आणि खास बांधून घेतलेलं एक जहाज २०२३ मध्ये दाखल झालं.

हे वाचताना मला बाबांचा माळा आठवला. फटका बसला, मोजला, उपाय केला. दोघांनी तेच केलं. शहाणपणात बाबा कुठे कमी नव्हते. कंपनीकडे पुढचं पाणी सांगणारी माणसं होती आणि एक उपाय फसला तर दुसरा करण्याइतका पैसा होता. बाबांकडे भिंतीवरची खूण होती आणि चुकीचा सल्ला देणारी मुलगी होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. भारतात बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरणाविषयी दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. आमच्यासारखे संशोधक तेच अहवाल वाचतात. बाबांचं दुकान, शेजारचं कापडदुकान, नाक्यावरची पिठाची गिरणी यांपैकी काहीच माझ्या तक्त्यात नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा विचार कोणी करत नाही.

म्हणून शाळेकडे एक मागणं आहे. आठवी-नववीच्या मुलांनी बाजारात दुकानोदुकानी जावं. २००५ ला पाणी कुठवर आलं, २०२१ ला कुठवर, पहिलं पाणी दारात आल्यापासून किती वेळ मिळाला, माल किती गेला, विमा होता का, मिळाला का, हे लिहून घ्यावं. वही मी देईन. सांगणारी माणसं आहेत तोवर हे झालं पाहिजे.

गेल्या सुट्टीत मी बाबांना म्हटलं, दुकान वर कुठेतरी हलवू या. ते म्हणाले, “बाय, गिऱ्हाईक इथे आहे. वर नेऊन कोणाला विकू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. आता वर्षाचा माल उंचावरच्या भाड्याच्या खोलीत असतो, दुकानात आठवड्यापुरताच. भिंतीवर दुसरी खूण झाली आहे. बाबा म्हणतात, ही शेवटची समजू नकोस.

आणि विम्याचा हप्ता आता मी भरते.