रक्तातले जोडदुखणे : ओळख आणि मोजणी



रक्ताचा कर्करोग म्हटला की तो एकच एक आजार आहे, अशी आपली समजूत असते. तसे नाही. त्यात जाती-पोटजाती पुष्कळ आहेत, आणि काही तर दोन जातींच्या सीमेवर बसलेल्या आहेत. त्या सीमेवरच्या दुखण्यांविषयी आज बोलायचे आहे. ही दुखणी दुर्मिळ खरी. पण ती नीट ओळखली जाणे आणि नीट मोजली जाणे, यात डॉक्टरांबरोबर तुमचाही वाटा आहे.

रक्त तयार होते ते हाडांच्या आतल्या मगजात. हा मगज म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा समजा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेट ही त्यातली रोपे. एका प्रकारच्या बिघाडात रोपे उगवतात, पण वेडीवाकडी, आणि वाफ्यातच मरतात. मग रक्तात पेशी कमी पडतात. दुसऱ्या प्रकारात रोपांना आवरच राहत नाही. रक्तात पेशींची गर्दी होते. आता एकाच वाफ्यात हे दोन्ही बिघाड एकदम झाले तर? तांबड्या पेशी कमी आणि पांढऱ्या मात्र भरमसाट, असे उलटसुलट चित्र दिसू लागते. हेच ते जोडदुखणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा दुखण्यांचा वेगळा गट केला. त्यातले मुख्य म्हणजे क्रॉनिक मायेलोमोनोसायटिक ल्यूकेमिया. नाव लांबलचक आहे. त्यात मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. हे दुखणे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना होते, आणि बायकांपेक्षा पुरुषांना अधिक. परदेशांतल्या नोंदींप्रमाणे लाख वस्तीत वर्षाला एक नवा रोगीही पुरता भरत नाही. याच्याच भावकीतले एक दुखणे अगदी लहान मुलांना होते. ते याहूनही विरळ. यातले काहीही शिवाशिवीने पसरत नाही, हेही सांगून ठेवतो.

लक्षणे मात्र साधीच असतात. थकवा, धाप, वरचेवर ताप, वजन घटणे, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, डाव्या बरगडीखाली जडपणा. हा जडपणा पाणथरी वाढल्याचा. पण पाणथरी हिवतापानेही वाढते. रक्त लोहाच्या कमतरतेने कमी होते, तसे बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होते. मोनोसाइट क्षयरोगातही वाढू शकतात. म्हणून नेहमीची कारणे आधी पाहावीत, हेच योग्य. पण औषधे नीट घेऊनही रक्त भरून येत नसेल, तर महिनोन्महिने टॉनिकच्या बाटल्या बदलत बसू नये.

मग तपास कसा होतो? प्रथम रक्तातील पेशींची मोजणी. मग काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्यानंतर कमरेच्या हाडातून थोडा मगज काढून तपासणे, आणि पेशींतली गुणसूत्रे व जनुके पाहणे. १९६० साली अमेरिकेत नोवेल आणि हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात बिघडलेले गुणसूत्र सापडले. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ते सापडले तर दुखणे निराळे ठरते, आणि त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. सापडले नाही तर वाट दुसरी. नाव चुकले की औषध चुकते, ते असे.

शिवाय एका दिवसाचा आकडा पुरत नाही. मोनोसाइटची वाढ टिकून आहे का, हे पाहावे लागते. पेशींत जनुकीय खूण मिळाली नाही, तर निदान तीन महिन्यांची वाढ विचारात घेतात. आता सांगा, सहा महिन्यांपूर्वीचा तालुक्याच्या दवाखान्यातला कागद चुलीत गेला असेल, तर डॉक्टरांनी काय पाहावे? म्हणून रक्ताचा प्रत्येक अहवाल तारखेनुसार एका पिशवीत जपून ठेवा. शिक्षकांना विनंती अशी, की ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद क्रमाने लावून द्यावेत.

आता मोजणीचे. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोगाची नोंदणी सुरू केली. लोकवस्तीवर आधारलेली ही देशातली पहिली नोंदणी. १९८७ साली बार्शीला खेड्यांसाठी अशीच नोंदणी सुरू झाली. समजा, सातारा जिल्ह्यातले एखादे आजोबा उपचारासाठी मालाडला लेकीकडे येऊन राहिले, आणि तेथून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाऊ लागले. त्यांना मालाडचे धरायचे की साताऱ्याचे? नोंदणीचा नियम असा, की जो निदान वर्षभर जेथे राहतो तो तेथला. म्हणजे आजोबा साताऱ्याचे. पण मुंबईचा पत्ता दिला तर बरे, असे समजून घरच्यांनी मालाडचाच पत्ता लिहून दिला, तर मुंबईचा आकडा फुगतो आणि त्यांच्या मुलखात असा रोगी झालाच नाही असे दिसते. हजारो रोग्यांच्या आजारात एखादी चूक खपून जाईल. जेथे रोगी बोटांवर मोजण्याइतके, तेथे एका चुकीने हिशेब फिरतो. आणि तपासणीची सोय कोठे हवी, हे ठरवताना हेच आकडे पाहतात.

तेव्हा मंडळी, दवाखान्यात जाताना जुने कागद सोबत न्या, कायमचा पत्ता खरा सांगा, आणि येथे किती दिवस राहता हेही सांगा. याला पैसा लागत नाही.