वाऱ्याची मोट

वाऱ्याची मोट बांधणें हा मराठींतील जुना वाक्प्रचार. जें साधणें शक्य नाहीं त्याच्या पाठीमागें लागणाऱ्याला उद्देशून तो योजला जातो. परंतु १८८७ सालीं स्कॉटलंडांत जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकानें पवनचक्कीवर वीज उत्पन्न करून आपल्या घरीं दिवे लावले, आणि तेव्हांपासून ही मोट खरोखरीच बांधली जाऊं लागली. भारतांत विजेच्या पवनचक्क्यांचे पहिले समूह १९८६ सालीं समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रदेशांत उभे राहिले. रत्नागिरी हें त्यांतील एक ठिकाण. पुढें सातारा जिल्ह्यांत वनकुसवडें व चाळकेवाडी येथील उंच पठारांवर त्यांच्या रांगाच लागल्या. या विजेचे गुणदोष ठरवावयाचे, तर दोन्ही पारडीं समोर ठेवूनच ठरविले पाहिजेत.

गुणांचें पारडें हलकें नाहीं. औष्णिक वीजकेंद्राला रोज दगडी कोळसा लागतो. त्याची राख सांठवावी लागते, धूर सोसावा लागतो, आणि यंत्रें चालण्यास पाणीहि पुरवावें लागतें. पवनचक्कीला यांपैकीं कांहींच नको. एकदां यंत्र उभें राहिलें कीं इंधनाचा खर्च उरत नाहीं. खांबांमधील मोकळ्या जमिनींत पीक घेतां येतें, गुरें चारतां येतात.

दोषांपैकीं पहिला दोष खुद्द वाऱ्याच्या स्वभावांतच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतील शक्ति आठपट होते. पण तोच वेग निम्मा झाला कीं शक्ति एक अष्टमांश उरते. शिवाय सर्वच शक्ति काढून घेतां येत नाहीं. तशी ती घेतली, तर वारा पात्यांपाशींच थांबेल व मागून येणाऱ्या वाऱ्यास वाट राहणार नाहीं. ही मर्यादा शेंकडा ५९ इतकी आहे, असें जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनीं १९२० सालीं दाखविलें. त्यांतून सह्याद्रीवर वाऱ्याचा खरा जोर असतो तो जून ते सप्टेंबरपर्यंत. त्या दिवसांत शेतीचे पंप बहुतेक बंद असतात. आणि मार्च-एप्रिलांत घरोघरीं पंखे फिरूं लागतात, तेव्हां वाऱ्याचा तो जोर नसतो.

यावर कांहीं उपाय आहे. वनकुसवड्याच्या शेजारींच कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. वारा सांठवितां येत नाहीं, पाणी सांठवितां येतें. वारा वाहत असतां वीजगृहाचें पाणी राखावें व वारा पडतांच तें सोडावें, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र पावसाळ्याच्या भरांत धरण भरून वाहूं लागलें कीं ही सोयहि संपते.

दुसरा दोष चटकन् डोळ्यांना दिसत नाहीं. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं केलेलें निरीक्षण २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें पवनचक्क्या आहेत तेथें शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी आढळले, आणि त्यांचें भक्ष्य असणारे सरडे अधिक आढळले. या सरड्यांतील नरांच्या गळ्याशीं पंख्यासारखी रंगीत झालर असते. शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं त्यांच्या वंशाला ‘सरडा’ हेंच मराठी नांव दिलें आहे. सरड्यांची संख्या वाढली खरी. परंतु त्यांचे देह रोडावले व नरांचे रंग फिकट झाले. आकाशांतील घारी-ससाणे उणे झाल्याचा परिणाम असा जमिनीवर येऊन पोंचतो.

म्हणून पवनचक्क्या नकोतच, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. कोळशाचा धूर पांखरांना सोडत नाहीं व मनुष्यालाहि सोडत नाहीं. प्रश्न आहे तो जागेचा. शहरांतील घरांत कळ दाबतांच दिवा लागतो. त्याचें मोल महिन्याच्या बिलांत दिसतें. पठारानें दिलेलें मोल तेथें दिसत नाहीं. तें मोजण्याची वेळ आतां आली आहे. सुरुवातीचीं लहान यंत्रें जुनीं होत चाललीं आहेत, व त्यांच्या जागीं मोठीं बसविण्याविषयींचें धोरण केंद्र सरकारनें २०१६ सालीं जाहीर केलें. नवें एक यंत्र जुन्या अनेक यंत्रांचें काम करतें. तेव्हां तितकीच वीज थोड्या खांबांवर मिळवून पठाराचा कांहीं भाग मोकळा करतां येईल. जुन्या प्रत्येक खांबाच्या जागीं नवा मोठा खांब रोवला, तर वीज पुष्कळ वाढेल, परंतु ससाण्यांना परतावयास जागा राहणार नाहीं. पठाराचा मोकळा ठेवावयाचा भाग आधीं आंखून घ्यावा व मग यंत्रांच्या जागा ठरवाव्या, हाच क्रम योग्य होय.