लस, ऋतू आणि शेजारधर्म



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण आज कोवलमच्या किनाऱ्यावर एकत्र जमलो आहोत. प्रसंग आनंदाचा आहे. तरीही आपल्या घरांतील वृद्धांच्या आरोग्याशी निगडित असा एक विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्याचा एक धडा याच गावाने दिलेला आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट भरात असता या कोळीवस्तीत लस घेण्यास माणसे धजत नव्हती. सुमारे १४,००० वस्तीच्या गावात दोन महिन्यांत अवघ्या ५८ जणांनी लस टोचून घेतल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी नोंदविले आहे. तामिळनाडूत भीतीला निमित्तही घडले होते. लोकप्रिय विनोदी नट विवेक यांनी १५ एप्रिलला लस घेतली आणि १७ एप्रिलला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या मृत्यूचा लसीशी संबंध नव्हता, असा निर्वाळा केंद्रीय समितीने पुढे दिला. परंतु तोवर अफवा घरोघर पोहोचली होती. अशा वेळी काही सेवाभावी संस्था गावात आल्या. त्यांनी लस घेणाऱ्यास बिर्याणीचे जेवण दिले आणि सोडतीत सोन्याचे नाणे, वॉशिंग मशीन, स्कूटर अशी बक्षिसे ठेविली. तीन दिवसांत ३४५ जणांनी लस घेतली.

यास कोणी आमिष म्हणेल. पण जबरदस्तीचा मार्ग आपल्या पूर्वजांनी भोगला आहे. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात सरकारने रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घरांत घुसविले. त्यातून केवढा संताप उसळला, हे सर्वश्रुत आहे. औषध कितीही गुणकारी असो, ते कोणाच्या हातून येते हे माणूस आधी पाहतो.

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर झाले. विषाणू मात्र गेला नाही. फ्लूच्या विषाणूप्रमाणे तोही रूप पालटतो, आणि लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उणावते. म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. अनेक देशांत वृद्धांना करोनाचीही सुधारित लस वर्षाकाठी देतात. लसीने प्रत्येक सर्दी-खोकला टळत नाही, पण दुखणे न्यूमोनियापर्यंत जाण्याचा धोका कमी होतो.

येथे आपणा मराठी माणसांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुण्या-नागपुरात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर असतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. फ्लूही येथे त्याच सुमारास बळावतो. म्हणजे दिवाळीच्या फराळाला आपण घरोघर जातो, तेच दिवस जपण्याचे. लस अंगी लागण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा गणेशोत्सव आटोपताच वृद्धांनी, गर्भवतींनी, दमा व मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्यावी. करोनाच्या लसीविषयीही त्यांचाच सल्ला घ्यावा. ताप-खोकला असल्यास मेळाव्यास न येणे, बाहेर पडावेच लागले तर मुखपट्टी लावणे, हात धुणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे, ही पथ्ये तर आहेतच.

मुलांपाशी राहावयास आलेली कित्येक आई-वडील मंडळी आपल्यात आहेत. तमिळ येत नसल्याने ती एकटी दवाखान्यात जाण्यास संकोचतात. मुलांना कामातून सवड नसते, आणि लस राहून जाते. म्हणून आमची विनंती अशी की, गणपतीच्या वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच वेळी अशा ज्येष्ठांची यादी करावी आणि तमिळ जाणणाऱ्या एकेका तरुण सभासदाने एकेका ज्येष्ठास डॉक्टरांकडे न्यावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एवढे कार्य अंगावर घेतले, तर पुढील पावसाळे आपल्या वडीलधाऱ्यांना सुखाचे जातील.