प्रवास बाळाचाही असतो



परदेशातून दत्तक बाळ आणणाऱ्या दांपत्याचे आपण कौतुक करतो. बाळाच्या प्रवासाचा विचार मात्र क्वचितच होतो.

१९९२ पासून २०२४ मध्ये शासनाने ही वाट बंद करेपर्यंत चीनमधील दीड लाखांहून अधिक मुले परदेशी घरांत गेली. त्यांतील निम्म्याच्या आसपास अमेरिकेत. अमेरिकी दांपत्य आधी बाळाच्या प्रांतात जाई, कागदपत्रे पुरी करी आणि व्हिसासाठी ग्वांगझूच्या वकिलातीत येई. सुमारे दोन आठवड्यांत सारे आटोपे. तेवढ्यात त्या वर्ष-दीड वर्षाच्या जिवाचे सांभाळणारे हात, जिभेवरची चव आणि कानांवरची बोली एकदमच सुटे. रात्रभर रडणाऱ्या अशा बाळाला हट्टी म्हणू नये. त्याला कुणाचा तरी लळा लागलेला असतो; तीच शक्ती पुढे नव्या आईला लाभते.

मूल आपल्याच संस्कृतीत वाढावे म्हणून आधी स्वदेशात घर शोधावे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात बजावले. परंतु स्वदेशातही बोली बदलतेच. ओडिशाचे मूल मराठी घरात येणार असेल, तर खोली सजवण्यापूर्वी त्याच्या भाषेतील चार शब्द शिकावेत : भूक, पाणी, झोप आणि आई.